सुटलेला रंग

सकाळी सहा

नोव्हेंबरात गोव्यातल्या मोपाच्या पठारावर दंव पडायला लागतं. पाऊस आला की रंगाचं काम बंद, हे कुणालाही कळतं. पण आभाळ निरभ्र आणि पत्रा ओला, हे हात फिरवल्याशिवाय कळत नाही. म्हणून उठल्यावर मी पहिल्यांदा गाड्या रंगवायच्या आमच्या शेडमधल्या पेट्रोलच्या टाकीवर तळहात टेकवतो. गार आणि चिकट लागली तर सूर्य चांगला वर येईपर्यंत रंगाची गन हातात घ्यायची नाही. पुस्तकी नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त हवं. आमच्याकडे थर्मामीटर आहे, तरी तळहातही बरोबर सांगतो.

ही वेळ झाडलोटीची नव्हे. झाडू काल संध्याकाळीच मारलाय. आमची माती जांभ्याची, तांबडी आणि पिठासारखी बारीक. सकाळी झाडलं तर तिचा धुरळा दुपारपर्यंत हवेत राहतो आणि ओल्या रंगावर येऊन बसतो. म्हणून आत्ता फक्त जमिनीवर पाणी शिंपडायचं, प्लास्टिकचे पडदे ओल्या फडक्यानं पुसायचे आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत रात्रभर साचलेलं पाणी खालच्या कॉकातून सोडून द्यायचं. हे पाणी सोडायला जो विसरतो त्याच्या रंगात फोड येतात, आणि मग तो रंगाच्या कंपनीला शिव्या देतो.

साडेसात

टेबलावर आजचं मुख्य काम ठेवलंय: जावा 250 ची पेट्रोलची टाकी. गाडी साठीच्या दशकातली. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी पूर्ण रिस्टोअर झालेली. इंजिन चांगलं, वायरिंग चांगलं, सीट नवी. फक्त टाकीचा रंग सुटतोय. झाकणाभोवती फुगवटे आलेत आणि दोन्ही बाजूंचे पापुद्रे नखानं ओढले तरी निघतात.

टाकी काल रिकामी करून साबणाच्या पाण्यानं दोनदा खंगाळली आणि तोंड उघडं ठेवून वाळवली. भरलेल्या टाकीपेक्षा नुसती रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ राहते आणि वाफच पेटते. आमच्या शेडमध्ये टाकीजवळ हीट गन, ग्राइंडर, वेल्डिंग यातलं काहीही चालत नाही. मदतीला असलेल्या पोराला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि अजूनही अधूनमधून सांगतो.

आता पापुद्रे वाचायचे. हे काम मला सगळ्यात आवडतं आणि त्याची घाई मी करत नाही. सुटलेला तुकडा चिमट्यानं उचलायचा आणि उलटा करून उजेडात धरायचा. त्याच्या पाठीवर सगळी हकीकत लिहिलेली असते. पाठ तांबूस आणि खरखरीत असेल तर खाली गंज होता आणि गंजानंच रंगाला ढकललं. पाठीला प्रायमर चिकटलेला नसेल, तो पत्र्यावरच राहिला असेल, तर दोन थरांचं आपसांत जमलं नाही. मधे पॉलिश पेपर मारला नसेल, किंवा दुसरा हात द्यायला उशीर झाला असेल. आणि प्रायमरसकट सगळं निघालं आणि पाठ काचेसारखी गुळगुळीत असेल, तर खाली रंगाला धरायला काही नव्हतंच.

डाव्या बाजूचा तुकडा उलटा केला. पाठ आरशासारखी. त्या जागी टाकीवर पाहिलं तर खालून चकचकीत क्रोम.

झाकणाजवळचा तुकडा मात्र निराळा निघाला: जाड, पिवळट पुट्टीचा, बोटात धरला की चुरा होणारा. वास घेतला. पेट्रोल, आणि त्यात टू-टीचं ऑइल.

म्हणजे एका टाकीवर दोन रोग आणि दोघांची कारणं वेगळी. वरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे फक्त ‘रंग उडालाय’ एवढंच दिसतं, आणि वरून पाहूनच दुरुस्ती केली तर वर्षभरात गाडी पुन्हा याच टेबलावर येते.

साडेआठ

मालक आले. बांद्याचे, गोव्याच्या कदंब बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. ही गाडी त्यांच्या वडिलांची. दारातूनच विचारलं, “सोमवारपर्यंत तयार होतली मां?”

“नाही काका, शुक्रवार धरा.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं: सुटलं तेवढं घासायचं, वरून एक हात मारायचा. लोक तेच मागतात आणि त्यात त्यांची चूक नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी पैसे मोजलेत, पुन्हा तेवढेच मोजायचं जिवावर येतं. मी त्यांना टाकीजवळ बोलावलं आणि पापुद्रा हातात दिला.

जुन्या जावाच्या टाकीला बाजूंनी क्रोम असतं, वर मरून रंग आणि दोघांच्या सीमेवर सोनेरी रेघ. या टाकीच्या क्रोमवर बारीक ठिपके पडले असणार. रिस्टोअर करणाऱ्यानं पुन्हा क्रोम करण्याचा खर्च वाचवायला बाजूंवर सरळ चंदेरी रंग मारला, आणि तोही क्रोम न खरवडता. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, त्याच्याखाली निकेल, त्याच्याखाली लोखंड. पातळ असला तरी तो कठीण आणि गुळगुळीत. त्याला ओरखडे पाडल्याशिवाय प्रायमर त्यावर दात रोवू शकत नाही. रंग तिथं चार वर्षं नुसता टेकून बसला होता.

“मग आता?” काका म्हणाले.

“बाजूंचा रंग मी काढून टाकणार. परत लावणार नाही.”

ते बघतच राहिले. रंगाचं काम करणारा माणूस रंग नको म्हणतो, हे पचायला वेळ लागतो. पण माझं मत पक्कं आहे. जुन्या गाडीची दुरुस्ती करताना पहिला प्रश्न कोणता रंग हा नसतो. रंग कुठं हवा आणि कुठं त्याचं काम नाही, हा असतो. क्रोमवर चार ठिपके दिसले तर दिसू देत. साठ वर्षांच्या गाडीला ते शोभतात, आणि मूळ क्रोम एकदा घालवलं की परत येत नाही.

टाकीच्या वरच्या मरूनची परीक्षा काकांसमोरच घेतली. आधी कापसावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात धरला. कापूस लाल झाला असता तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, आणि मग त्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन मारताना खालचा थर सुरकुतण्याची भीती. कापूस पांढराच राहिला, म्हणजे पीयू. मग ब्लेडनं सहा रेषा उभ्या आणि सहा आडव्या, 2 मिलिमीटरच्या अंतरानं, पत्र्यापर्यंत. वर टेप दाबून लावली आणि झटक्यात ओढली. एकही चौकोन टेपबरोबर आला नाही.

“हा रंग चांगला आहे काका. हा मी काढणार नाही. नुसता घासून त्यावर नवा हात देणार.”

चांगला धरलेला थर उगाच खरवडून टाकणं ही मला दुरुस्ती वाटत नाही. सगळं उडवून पत्र्यापासून सुरू केलं की बिल मोठं होतं आणि गिऱ्हाइकालाही काम ‘पूर्ण’ झाल्यासारखं वाटतं. पण चांगल्या पत्र्याला उघडं पाडून परत झाकण्यात त्याचंच आयुष्य कमी होतं. काकांनी मान हलवली आणि शुक्रवार मान्य केला.

नऊ ते साडेदहा

बाजूंसाठी पेंट रिमूव्हर लागलाच नाही. रिमूव्हर ओघळून मरूनवर गेला असता तर चांगला थरही फुगला असता. सीमेवर दुहेरी मास्किंग टेप लावली आणि जुन्या एटीएम कार्डाची कड पापुद्र्याखाली सरकवली. रंग पट्ट्यापट्ट्यांनी निघत गेला. आतून क्रोम निघालं, धुरकट, मधे मधे तपकिरी ठिपके. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवली आणि त्यानं हळूहळू घासलं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही, आणि गंज मात्र निघतो. पोरगा तासभर हेच करत होता. एक बाजू झाली तेव्हा त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसलं आणि त्यानं मला हाक मारली.

गुडघ्याचे रबर काढले तिथं मात्र वाईट अवस्था. रबराखाली पावसाचं पाणी शिरतं आणि वाळायला जागा नसते. क्रोम खवले खवले होऊन उठलेलं, खाली लोखंड खाल्लेलं. ही जागा रबराखाली झाकली जाणार, म्हणून इथं क्रोमचा हट्ट नाही. इथं रंगाचं काम आहे आणि ते चोख करायचं.

मधेच पेज. उकड्या तांदळाची, बरोबर तोरांचं लोणचं. हात केरोसिननं नव्हे, साबणानं धुवायचे, कारण पेज झाल्यावर हेच हात पत्र्याला लागणार.

साडेदहा

झाकणाची जागा. इथं काय झालं ते मालकाला सांगितलं तेव्हा त्यांना लगेच पटलं. जावा टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. भरताना थेंब सांडतात, झाकणाचं जुनं रबर कडक झालेलं, चढावर टाकी हिंदकळली की कडेनं पाझर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पाझर रंगाच्या बारीक चिरेतून आत गेला. आत पोचा बुजवायला भरलेली पॉलिएस्टर पुट्टी होती आणि ती उघड्या पत्र्यावरच भरली होती. पुट्टी सच्छिद्र असते, तिनं सगळं शोषून घेतलं, ती फुगली आणि रंगाला वर उचललं.

पुट्टी पटाशीनं खरवडून काढली. जिथवर ती भुसभुशीत होती तिथवर गेलो, आणि त्यापुढं घट्ट लागेपर्यंत अजून बोटभर. बाहेरून रुपयाएवढा दिसणारा फुगवटा आतून तळहाताएवढा निघाला. नेहमीच असं होतं, म्हणून फोनवर फोटो पाठवून भाव विचारणाऱ्याला मी आकडा सांगत नाही.

मग कडा उतरवणं. 80 च्या पेपरनं सुरुवात, मग 120, मग 220, शेवटी 320, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडं बाहेरपर्यंत. नीट उतरवलेल्या कडेत थर एकामागे एक दिसतात: आत पत्रा, भोवती राखाडी प्रायमर, मग जुनं मरून, मग वरचं क्लिअर, आणि प्रत्येक पट्टा रुंद. पट्टे रुंद म्हणजे उतार सौम्य. पट्टा दोऱ्याएवढा बारीक दिसला तर तिथं पायरी आहे, आणि ती पायरी रंग झाल्यावर उन्हात रेघ होऊन दिसणार. पोराला डोळे मिटून बोटं फिरवायला लावली. दोन ठिकाणी तो थांबला. दोन्ही ठिकाणी खरंच पायरी होती. तो शिकतोय.

पत्र्यावरच्या बारीक गंजाला फॉस्फरिक ॲसिडवाला रस्ट रिमूव्हर लावला, दहा मिनिटांनी पाण्यानं भरपूर धुतला. ॲसिड खाली राहिलं तर वरचं इपॉक्सी नीट पिकत नाही. मग ग्रीस काढायचं द्रावण: एका फडक्यानं लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलायचं. एकाच फडक्यानं घासत बसलं तर ऑइल इकडून तिकडं फिरतं एवढंच.

शेवटी स्वच्छ पाणी ओतून पाहिलं. पाणी अखंड पडद्यासारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन आक्रसलं तर अजून तेल आहे. पहिल्यांदा झाकणाच्या गळ्याशी आक्रसलं. परत पुसलं, परत ओतलं. मग पसरलं. टाकी उन्हात ठेवली.

सव्वाबारा

ऊन कडक, हवा कोरडी, वारा अजून पडलेला. पठारावर दुपारी दोननंतर समुद्राकडचा वारा चढतो आणि तांबडी धूळ घेऊन येतो. गन चालवायला आमच्याकडे दिवसाचे जेमतेम तीन तास मिळतात आणि त्यातला हा मधला तास सगळ्यात चांगला.

इपॉक्सी प्रायमर आणि त्याचा हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून. अंदाजानं ओतलेला हार्डनर हे रंग सुटण्याचं आणखी एक कारण. मिसळून वीस मिनिटं तसंच ठेवलं, म्हणजे दोघांची आपसांत नीट मुरवण होते. तोवर क्रोमला कागद आणि टेप, टाकीच्या तोंडाला बूच.

आणि मास्क, इपॉक्सी असो की पीयू. इथं मी कुणाचं ऐकत नाही. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा फुफ्फुसात गेला की माणसाला दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढं थोड्याशा वासानंही श्वास कोंडतो. रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून काही होत नाही. वाफ अडवणारी काडतुसं असलेलाच मास्क हवा आणि काडतुसं वेळेवर बदलायला हवीत. उमेदीच्या वयात हा धंदा सोडावा लागलेले कारागीर मी पाहिलेत. पोराच्या मास्कचे पैसे मी त्याच्या पगारातून कापत नाही. धंद्याचा खर्च आहे तो.

पहिला हात पातळ, पत्रा अजून अंधुक दिसेल असा. पंधरा मिनिटं थांबून दुसरा हात भरून. झाकणाची जागा आणि गुडघ्याच्या रबराखालची जागा, बस्स. मरूनवर आज काही नाही.

एक ते तीन

माशाचं हुमण, भात, आणि त्यानंतर वाट बघणं. प्रायमर वाळायला लागतो तेवढा वेळ लागतोच.

या वेळात रंगाचा शेड जुळवायचं काम होतं, कारण मरूनसाठी भर दुपारचा सरळ उजेड हवा. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात प्रत्येक मरून बरोबर वाटतो. मूळ शेड टाकीवरून घ्यायचा नाही, ती उन्हानं विटलेली, आणि वर दुसऱ्याचा हात. बाजूच्या टूलबॉक्सचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला मैसूरच्या कारखान्याचा मूळ रंग तसाच होता: गडद, किंचित तपकिरीकडे झुकणारा. बाजारात ‘जावा मरून’ म्हणून मिळतो तो त्यापेक्षा लाल असतो. थोडं काळं, थेंबभर पिवळं, नमुना पत्र्यावर मारायचा, वाळवायचा, टूलबॉक्सशेजारी धरायचा. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो, म्हणून वाळल्याशिवाय निकाल नाही.

मैसूरला आयडियल जावाचा कारखाना 1961 साली सुरू झाला, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. जावा मूळ चेकोस्लोव्हाकियाची. पुढं इथली गाडी येझदी झाली आणि 1996 साली कारखाना बंद पडला. 2018 पासून जावा नव्या कंपनीकडून परत रस्त्यावर आलीय. पण किक मारायचा आणि गियर बदलायचा दांडा एकच, ही जुनी करामत बघायला लोक अजून काकांच्या गाडीभोवती जमतात. कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का करतात. आमच्याकडे भट्टी नाही, म्हणून दोन डब्यांचा, हार्डनरवाला रंग, जो हवेतच पिकतो. भट्टी नसल्याची कसर पूर्वतयारीत काढावी लागते.

डोक्यावरून विमानं जातात. 5 जानेवारी 2023 ला इथला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून धारगळ, तोर्से, वारखंड या पट्ट्यात भाड्याच्या गाड्या वाढल्या आणि अपघाताची, पोच्यांची कामंही वाढली. ती कामं मी घेतो, त्यावर शेड चालते. जुन्या गाड्यांच्या कामाला दिवस जातात, पैसे त्या मानानं कमी.

तीन

वारा चढला. पडदे फडफडायला लागले. आता गन नाही.

काल मारलेलं पिवळं मडगार्ड घेतलं. हे मोटरसायकल पायलटचं: गोव्यात काळ्या गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं दिसलं की ओळखायचं, मागं बसून भाडं देऊन जाता येतं. पिवळा रंग अंगानं पातळ, खालचं झाकत नाही, म्हणून त्याखाली पांढरा प्रायमर द्यावा लागतो. एकदोन ठिकाणी धूळ बसली होती. 1500 चा वॉटर पेपर, मग 2000, मग रबिंग कंपाउंड, पाणी भरपूर आणि हात हलका. कडेवर टेप लावून ठेवली, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि पेपर सगळ्यात जास्त तिथंच लागतो. तासाभरात झालं.

साडेचार

गन उघडून धुणं हे पोराचं काम, पण मी शेजारी उभा राहतो. हार्डनरवाला रंग गनमध्ये राहून पिकला की नोझल गेलं. धुतलेलं थिनर बरणीत. रात्रभर गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं पुढच्या धुण्याला वापरायचं, गाळ पत्र्याच्या डब्यात वेगळा. शेडच्या मागं ओतायचं नाही, कितीही थोडं असलं तरी. जांभा खडक सच्छिद्र आहे, पठारावर पडलेलं पाणी खाली झिरपून उतारावरच्या झऱ्यांना आणि विहिरींना लागतं. कासारवर्ण्यापासून चांदेलपर्यंत लोक तेच पाणी वापरतात.

साडेपाच

प्रायमर नखाला मऊ लागत नाही, पण उद्यापर्यंत हात नाही. वहीत लिहिलं: उद्या दहानंतर इपॉक्सी 320 नं घासणं, पोच्यात पुट्टी, पत्र्यावर नव्हे, इपॉक्सीवर. मग सरफेसर. त्यावर काळ्या रंगाची पातळ धूळ मारून ब्लॉकनं घासणं, खड्डा राहिला तर काळा ठिपका राहील. परवा सगळं मरून 600 नं घासून दोन हात, मग क्लिअर. सोनेरी रेघ शेवटी, हातानं, लांब केसांच्या ब्रशनं, सीमेच्या दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी, म्हणजे रंगाची कड रेघेखाली झाकली जाते आणि तिथून पाणी शिरत नाही.

काकांना फोन केला: झाकणाचं रबर नवं आणा, इथेनॉल सोसणारं मागा. गुडघ्याचे रबर जुनेच चालतील, पण बसवण्याआधी त्यांच्या मागं पाणी निथळायला खालच्या कडेला खाच पाडू. आणि आरसीवर रंग मरूनच आहे ना ते बघा, नोंदीतला रंग आणि गाडीचा रंग एकच असलेला बरा, नाहीतर पुनर्नोंदणीच्या वेळी हेलपाटे होतात.

सहाच्या सुमाराला पायलटकाका मडगार्ड न्यायला आले. उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“शॅम्पूनं धुवू?”

“धुवा, पण पॉलिश महिनाभर नको. आतून पिकायला वेळ लागतो. आणि रात्री प्लास्टिकचं कव्हर घालू नका, दंव आत अडकतं आणि रंगाला फोड येतात. घालायचंच तर जुनी चादर घाला.”

त्यांनी इथंच, माझ्या पान्यानं मडगार्ड बसवलं, पैसे दिले आणि उद्या सकाळी सातला म्हापशाच्या स्टँडवर नंबर लावायचा असल्यानं चहा न घेताच निघाले.